नेमून दिलेला वेश आणि स्वतः शिवलेला वेश

आपल्या मंडळातील काही तरुण-तरुणींनी येत्या भीमजयंतीच्या प्रदर्शनासाठी एक आगळी योजना कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. ‘स्टीमपंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत बारा कलात्मक छायाचित्रांची मालिका तयार करावयाची. तिच्यासाठी लागणारे पोशाख घरी शिवावयाचे. नाटकवाले ज्यास ‘प्रॉपर्टी’ म्हणतात ते सारे साहित्य स्वतःच्या हातांनी बनवावयाचे. आणि पात्रे म्हणून मंडळाच्या सभासदांनी व त्यांच्या मुलाबाळांनीच उभे राहावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. योजना ऐकताच वडीलधाऱ्यांत दोन तट पडले. काहींनी मुलांची पाठ थोपटली. पुष्कळांनी मात्र तीन आक्षेप घेतले. साहेबी पोशाखातील हा पोरखेळ आंबेडकरी चळवळीच्या व्यासपीठावर कशासाठी, हा पहिला. आपल्या आजा-पणजांनी महत्प्रयासाने चामड्याचा आणि हीन ठरविलेल्या हातकामाचा संबंध तोडला. आता नातवंडांनी हौसेने चामडे कापीत बसावयाचे काय, हा दुसरा. आणि कल्पित इतिहासाविरुद्ध आपण आयुष्यभर लढलो. तो आता आपणच रचावयाचा काय, हा तिसरा.

तिन्ही आक्षेप मनापासून आलेले आहेत, आणि त्यांच्यामागे समाजाचा जळजळीत अनुभव उभा आहे. म्हणूनच त्यांची चर्चा बैठकीच्या खोलीतच संपू नये, ती सर्व कुटुंबांपुढे व्हावी, या हेतूने हा लेखनप्रपंच. माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. ही मालिका झाली पाहिजे. परंतु ती कोणाच्या बाजूने उभी राहणार, हे मुलांनी आधी ठरविले पाहिजे.

स्टीमपंक म्हणजे काय?

अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ साली ‘लोकस’ या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात हा शब्द प्रथम वापरला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील वाफेची यंत्रे, पितळी कळा, दातेरी चाके यांच्या बळावर जग वेगळ्याच वाटेने पुढे गेले असते तर कसे दिसले असते, असा प्रश्न विचारणारे हे कल्पनारम्य साहित्य होय. चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र त्यांच्या हयातीत पूर्णत्वास गेले नाही. ते गेले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९० साली ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी लिहिली. पुढे ही शैली पुस्तकांतून बाहेर पडून पोशाखांत, दागिन्यांत, शिल्पांत आणि छायाचित्रांत उतरली. ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास संग्रहालयात २००९-१० मध्ये तिचे प्रदर्शन भरले. लिंकन शहरात २००९ पासून तिचे चाहते मोठ्या संख्येने एकत्र जमू लागले. डोक्यावर उंच हॅट, तिच्यावर पितळी काठाचा गॉगल, अंगात जाकीट, कमरेला अवजारांचा पट्टा, हातात कसलेसे विचित्र पण देखणे यंत्र, असा या मंडळींचा थाट असतो. यातील बहुतेक वस्तू बाजारातून आणलेल्या नसतात. त्या मोडक्या घड्याळांपासून, नळाच्या तुकड्यांपासून, जुन्या कोटांपासून घरी घडविलेल्या असतात. हातकामाचा हा आनंद हेच या शैलीचे खरे बळ आहे.

तिची दुर्बलताही तितकीच उघड आहे. या स्वप्नातील वाफयुगात उमराव आहेत, संशोधक आहेत, हवाई जहाजांचे कप्तान आहेत. पण बॉयलरमध्ये कोळसा ओतणारा माणूस क्वचितच दिसतो. साम्राज्याची ऐट आहे, साम्राज्याची किंमत मोजणारे नाहीत. फार काय, या शैलीचे पूर्वज मानले जाणारे फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी आपल्या पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा भारतीय असल्याचे ‘द मिस्टीरियस आयलंड’ या १८७५ च्या कादंबरीत उघड केले, तेव्हा तोही बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार निघाला! कल्पनेतसुद्धा यंत्र हाती असलेला भारतीय माणूस राजघराण्यातलाच असावा लागला. आमच्या मुलांनी केवळ उंच हॅट घालून लॉर्डांची नक्कल करावयाची असेल, तर पहिला आक्षेप शंभर टक्के खरा आहे. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. खरे तर तेथे सुरू होते.

वाफेच्या युगात आपण कोठे होतो?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तिची इंजिने लँकेशायरमधील न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. पुढे बोरघाटाची चढण बांधण्यास १८५६ मध्ये प्रारंभ झाला. ती १८६३ साली खुली झाली. १८६१ मध्ये या घाटात एकाच वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल घाटात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालू ठेवले, हे पुस्तकांत नोंदलेले आहे. पण कातळ फोडणाऱ्या, सुरुंग ठासणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या त्या हजारोंची नावे कोणी लिहून ठेवली? त्यांचे चेहरे कोणी टिपले?

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काळात मुंबईच्या गिरण्यांना ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून यंत्रे येऊ लागली. म्हणजे ज्या इंग्लंडात आज आपण राहतो, त्याच्या उत्तरेकडील कारखान्यांचा आणि परळ-लालबागच्या चाळींतील आपल्या पूर्वजांचा संबंध फार जुना आहे. त्या संबंधाची सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे विणकामाचा धोटा. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. लँकेशायरमध्येही हीच रीत होती आणि तेथे तिच्याविरुद्ध ओरड झाली ती आरोग्याच्या कारणाने. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाऊन रोग पसरतो, दात किडतात, म्हणून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्यावर कायद्याने बंदी घातली. मुंबईत त्याच धोट्यावरून निराळाच निष्कर्ष निघाला. रोगाची भीती नव्हे, विटाळाची भीती! अस्पृश्याच्या ओठांना लागलेले सूत सवर्ण विणकर तोंडात धरणार नाही, म्हणून अधिक पगाराच्या साचाखात्याची दारे आपल्या लोकांना बंद राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला.

एकच यंत्र, एकच धोटा. मँचेस्टरकडे तो वैद्याचा विषय होतो आणि मुंबईत धर्मशास्त्राचा! स्टीमपंकच्या भाषेत आमच्या मुलांनी विचारावे असा याहून चांगला प्रश्न कोणता? समजा, त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सूत आपोआप ओवून घेणारा पितळी धोटा आला असता, तर साचाखात्याचे दार उघडले असते काय? माझी खात्री आहे की जातीने दुसरे निमित्त शोधले असते. पाण्याचा माठ होता, जेवणाची जागा होती. यंत्र बदलल्याने माणूस आपोआप बदलत नाही. परंतु म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू निःसंदिग्धपणे घेतली आहे. दोष यंत्राचा नसून समाजाच्या चुकीच्या रचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला विसावा मिळतो आणि विसाव्यातूनच संस्कृती निर्माण होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांच्या गर्दीत यंत्राचे स्वागत करणारा हा महापुरुष आपला मार्गदाता आहे. तेव्हा यंत्रांची स्वप्ने पाहण्याचा अधिकार इतर कोणापेक्षाही आपल्या मुलांना अधिक आहे. मात्र त्या स्वप्नात बॉयलरपाशी उभा असलेला माणूस दिसला पाहिजे, आणि तो कोण आहे हे सांगितले गेले पाहिजे.

वेश हा कायदा होता

पोशाखाचा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच हौसेचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असा दंडक सांगितला आहे. नीट विचार केला तर काय दिसते? वस्त्र नेमून दिले, हातातले भांडे नेमून दिले, अंगावरचा धातूसुद्धा नेमून दिला! पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात करून दिली आहे. जात हे एक असे नाटक होते, की ज्यात पोशाख आणि प्रॉपर्टी दुसऱ्यानेच ठरविलेली असे, आणि पात्राला रंगमंचावरून उतरण्याची मुभा नसे.

इंग्रजी अमदानीत कॅमेरा आला, तेव्हा त्याने हेच नाटक कागदावर उतरविले. फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे आहेत. मुंबईचे विल्यम जॉन्सन यांनी त्याआधीच, १८६० च्या दशकात, मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे संग्रह काढले होते. त्यांत माणसांची चित्रे एकीकडे घेऊन ती दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेली आढळतात. म्हणजे ‘रचलेले छायाचित्र’ हा प्रकार आपल्या मुलांनी शोधून काढलेला नाही. छायाचित्रे तेव्हाही रचली जात होतीच. फरक एवढाच की अशा ग्रंथांत माणूस बहुधा आपल्या नावाने उभा नसे. तो जातीचा नमुना म्हणून उभा असे.

आता १९०१ साल आठवा. आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी सांगितलेला मसूर स्टेशनचा प्रसंग कोणास ठाऊक नाही? वडिलांना भेटण्यासाठी सुटीत निघालेली ती मुले; अंगावर विलायती कापडाचे नवे सदरे, डोक्यावर चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे, पायांत नवे जोडे. आगगाडीने त्यांना विनातक्रार मसूरपर्यंत आणले. स्टेशनमास्तरांनीही पोशाख पाहून प्रथम आपुलकीने चौकशी केली. परंतु ‘आम्ही महार आहोत’ हे शब्द मुलाच्या तोंडून निघताच त्यांची चर्या बदलली. बैलगाडीवाले गाडी देईनात. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला तो असा, की मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालावे! वाफेचे इंजिन, नवा पोशाख आणि जात या तिन्हींची गाठ एका फलाटावर पडली. स्टीमपंकला विषय हवा असेल तर याहून मोठा विषय मला सुचत नाही.

आणि म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची जुनी धाटणी बदलण्याचा, जात ओळखू येईल असे गळ्यातले-हातातले कथलाचे वजनदार दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. त्या माउल्यांनी तो तत्काळ अमलात आणला. ती केवळ वेशभूषा नव्हती. तो नेमून दिलेल्या वेशाविरुद्धचा उठाव होता. बाबासाहेबांच्या सुटाबुटाची टवाळी करणाऱ्यांना हे कळले नाही. आपल्या घरांतील भिंतींवर त्यांची जी निळ्या कोटातील प्रतिमा आहे, तिच्यात हाच अर्थ सामावलेला आहे. तेव्हा पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे: पोशाख बदलणे हा आपल्या चळवळीत पोरखेळ कधीच नव्हता. नक्कल करणे हा पोरखेळ होईल. आपला वेश आपण ठरवून, आपण शिवून घालणे ही महाडची परंपरा आहे.

हात आणि जात

दुसरा आक्षेप मला अधिक हळवा वाटतो. मेलेली जनावरे ओढण्याच्या कामाने ज्यांच्या आजोबांचा जन्म नासला, त्यांना चामड्याचा वास सोसवत नाही, यात नवल ते काय? त्या कामांतून बाहेर पडण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या. आपण शिकलो, डॉक्टर-इंजिनियर झालो, हिशेबनीस झालो, परदेशी आलो. मुलांनी पुस्तक धरावे, हत्यार धरू नये, असे आपल्याला वाटू लागले. परंतु येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. बाबासाहेबांचा मूळ सिद्धांत कामाविरुद्ध नव्हता. जातिव्यवस्था कामे वाटीत नाही, काम करणारी माणसेच जन्मावरून तोडून वेगळी करते, हा त्यांचा आरोप होता. चामडे हीन नव्हते. सक्ती हीन होती. ज्या हातांनी मोट, वहाण, वादी, ढोलके घडविले ते हात हलके नव्हते. त्या हातांना दुसरे काही करू न देणारी व्यवस्था हलकी होती.

एखादी मुलगी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते आणि रविवारी चामड्याच्या तुकड्याला भोके पाडून गॉगलचा पट्टा शिवते, तेव्हा ती मागे जात नाही. ज्ञान आणि हात यांच्यामध्ये ब्राह्मणी व्यवस्थेने उभारलेली भिंत ती पाडीत असते. आपल्या समाजाला या भिंतीचा दुहेरी तोटा झाला. आधी हात दिले, पुस्तक दिले नाही. नंतर पुस्तक मिळाले, तर हातांची लाज वाटू लागली. महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. ‘गुलामगिरी’ लिहिणारा हा ग्रंथकार कंत्राटदारही होता. दगड, चुना, मजूर आणि बांधकाम यांचा व्यवहार त्याला पाठ होता. लेखणी आणि पहार यांत त्याला विरोध दिसला नाही.

ज्यांना चामडे मनाला सोसवत नाही, त्यांच्यावर कोणी सक्ती करू नये. जाड कापड आणि रंगविलेला फोम यांनीही तेच दृश्य साधते. सक्तीला विरोध हेच आपले तत्त्व आहे, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी पाळले जावे.

कल्पित आणि खोटे

तिसरा आक्षेप विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कालामांना तथागतांनी परंपरेवर वा ग्रंथावर आंधळा विश्वास न ठेवता स्वतः पारखून घेण्याचा उपदेश केला. पुराणांतील भाकडकथांनी आपले जे नुकसान केले ते आपण जाणतो. मग आपणच कल्पित चित्रे का रचावीत?

उत्तर असे की कल्पित आणि खोटे यांत भेद आहे. पुराणकथा स्वतःला इतिहास म्हणवते, म्हणून ती खोटी ठरते. जी कलाकृती ‘मी कल्पना आहे’ असे सांगते, ती कोणालाही फसवीत नाही. म्हणून माझी पहिली अट अशी. प्रत्येक छायाचित्राखाली दोन नोंदी असाव्यात. पहिलीत ‘काय घडले’ ते वर्षासह लिहावे. दुसरीत ‘आम्ही काय कल्पिले’ ते लिहावे. १८५५ साली पुण्यात शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला, ही पहिली नोंद. तिच्यापुढे वाफेवर चालणारे टंकयंत्र आम्ही ठेवले, ही दुसरी. असे केल्याने पाहणाऱ्याला खरे कोठे संपले ते कळेल, आणि जे खरे आहे तेच किती विलक्षण होते हेही कळेल.

दुसऱ्या समाजांनी हे यापूर्वी करून दाखविले आहे. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी स्वतःची इतकी छायाचित्रे काढून घेतली की आज त्यांची सुमारे १६० छायाचित्रे ज्ञात आहेत. प्रत्येकात ते नीटनेटक्या पोशाखात, ताठ नजरेने उभे आहेत. कृष्णवर्णीयांची विकृत चित्रे काढणाऱ्यांना हे त्यांचे उत्तर होते. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अमेरिकन निग्रो समाजाची ३६३ छायाचित्रे मांडली. याच ड्यू बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता. अलीकडे, १९९८ साली, लंडनमधील कलावंत यिंका शोनिबारे यांनी व्हिक्टोरियन उमरावाच्या वेशात स्वतः उभे राहून पाच छायाचित्रांची मालिका केली आणि ती लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झळकली. भारतात पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांनी २००० ते २००४ या काळात इंग्रजी अमदानीतील जातिवर्णनपर छायाचित्रांचा वेश, पडदा आणि साहित्य यांसह पुनर्रचना करून त्यांची हुकमत उघडी पाडली. आपली मुले या मालिकेत उभी राहू इच्छितात. त्यांना कोपऱ्यात बसविणे शहाणपणाचे होईल काय?

काम कसे व्हावे?

आजकाल संगणकाला आज्ञा केली की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात असे चित्र हजर करते; मग आठवडेच्या आठवडे कात्री-गोंद घेऊन कशाला बसावे, असेही कोणी विचारील. त्याचे कारण चित्राहून ते घडविण्यात आहे. चित्र क्षणात मिळेल. परंतु धोट्यात सूत कसे ओवले जात असे, हे लाकडाचा धोटा स्वतः तासल्याशिवाय हाताला कळणार नाही.

या कामास मोठा खर्च नाही. चॅरिटी शॉपमधील जुने जाकीट, कार बूट सेलमधील बंद पडलेली घड्याळे, नळकाम करणाऱ्याकडचे तांब्याच्या नळीचे तुकडे, जुन्या यंत्रावरील दाब दाखविणारी तबकडी, एवढ्यावर बरेच निभावते. फोमचे पत्रे कापून, गरम हवेने वाकवून, त्यांवर आधी काळा रंग द्यावा. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर सोनेरी रंग ओढावा. खाचांत काळा राहतो आणि वस्तू जुन्या पितळेसारखी दिसते. पोशाखात साहेबी कोटाबरोबर नऊवारी, घोंगडी आणि पागोटेही यावे. नऊवारीवर अवजारांचा पट्टा बांधलेली गिरणीकामगार स्त्री हे चित्र लंडनच्या कोणत्याही दालनात उठून दिसेल. छायाचित्रणासाठी काळे कापड आणि एका बाजूने येणारा खिडकीचा उजेड पुरेसा आहे. समोरून दिवा मारू नये. चेहऱ्याची एक बाजू अंधारात राहिली तरच धातू चमकतो आणि मुद्रेला वजन येते.

घरगुती साधनांनी उत्तम काम होते याला पुरावा याच देशात आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि शेजारी, आप्त व घरकाम करणाऱ्या मुली यांनाच वेश चढवून १८७४-७५ मध्ये टेनिसनच्या काव्यावरील चित्रमालिका सिद्ध केली. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे प्रचंड छायाचित्र रचले, ते वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये. ज्या गावी आज आपल्या बांधवांचे बुद्धविहार आहे, तेच हे गाव! त्याच भागातील फाउंड्र्यांत एकेकाळी घाम गाळलेले पंजाबी आंबेडकरी ज्येष्ठ बांधव अद्याप आपल्यात आहेत. तापलेला धातू कसा ओततात, हातांवर काय परिणाम होतो, हे त्यांना पुस्तकात पाहावे लागणार नाही. मुलांनी त्यांच्याकडे जावे. ज्या आजीने मुंबईत गिरणीचा भोंगा ऐकून डबा भरला, तिला धोटा दाखवून तो खरा दिसतो का, हे विचारावे. या विचारपुशीत जे सापडेल ते बारा छायाचित्रांहून मोलाचे ठरेल.

माझी दुसरी अट नावासंबंधी आहे. छायाचित्रात उभी राहणारी प्रत्येक व्यक्ती, पोशाख शिवणारे हात, धोटा तासणारे हात, यांची नावे मालिकेबरोबर मांडली जावीत. बोरघाट खोदणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या पानांवर माणसाच्या नावाऐवजी जात आली. आपल्या मालिकेत तरी ‘एक मजूर’, ‘एक स्त्री’ अशी नोंद असू नये. कार्यकारिणीने मुलांना विहाराची मागची खोली रविवारी वापरू द्यावी आणि साहित्यासाठी माफक रक्कम मंजूर करावी. पालकांनी पोशाख शिवण्यास बसावे; ज्येष्ठांनी आठवणी सांगाव्यात. मनूने नेमून दिलेले वेश आपल्या माउल्यांनी महाडला उतरवून ठेवले. त्यांच्या पणत्यांनी आता कोणता वेश शिवावा, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. सुई आणि कॅमेरा दोन्ही त्यांच्या हाती आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!